पट कशाची?

सोळा सत्ते एकशे बारा. हा पाढा मला २०२०च्या ऑगस्टमध्ये वेळेवर आठवला असता, तर एका बाईंचा दीड महिन्याचा पगार बुडाला नसता. पुस्तकाची प्रस्तावना अशा आठवणीने सुरू करू नये, असे मला एक-दोघांनी सुचवले. पण हे पुस्तक लिहिले गेले ते त्या एकशे बारामुळे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

त्या वर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत एक मोठी पाहणी झाली. नीती आयोग, मुंबई महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून महापालिकेच्या तीन विभागांतल्या लोकांचे रक्त तपासले. एफ-उत्तर म्हणजे माटुंगा, एम-पश्चिम म्हणजे चेंबूर आणि आर-उत्तर म्हणजे आमच्या बोरिवलीच्या शेजारचे दहिसर. कोविडची लागण होऊन गेल्याची खूण, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तात आहेत का, एवढेच पाहायचे होते. झोपडपट्ट्यांत शंभरातल्या ५७ जणांत ती सापडली आणि झोपडपट्टीबाहेर शंभरातल्या १६ जणांत. २८ जुलैला हे आकडे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आले.

आमच्या सोसायटीची त्याच सुमारास मोबाइलवर सभा होती. विषय एकच होता, घरकामाच्या बायकांना गेटच्या आत घ्यायचे की नाही. मी संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना सांख्यिकी शिकवते हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. सेक्रेटरींनी विचारले, "मॅडम, तुम्हीच सांगा, फरक नेमका किती?" माझ्यापुढे वही उघडी होती आणि तिच्यात ५७ ला ४३ नि १६ ला ८४ असे मांडून मी भागाकार केलेला होता. उत्तर जवळजवळ सात. मी म्हणाले, "वस्तीत लागणीची शक्यता सातपट आहे." दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या केबिनवर नोटीस लागली. तिच्यात माझे 'सातपट' ठळक अक्षरांत होते आणि खाली, वस्तीतून येणाऱ्या कामगार महिलांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद. शेजारच्या काकूंकडे नऊ वर्षे काम करणाऱ्या मावशी दहिसरहून चालत आल्या आणि गेटवरूनच परत गेल्या. ते मी गॅलरीतून पाहिले.

भागाकार बरोबर होता. चूक झाली ती 'शक्यता' या शब्दात. इमारतींत शंभरातल्या सोळा जणांना लागण झालेली असेल आणि वस्तीत तिची शक्यता खरोखर सातपट असेल, तर वस्तीतल्या शंभर माणसांपैकी एकशे बारा जणांना लागण झालेली हवी. शाळेतले पोरही म्हणेल की हे होऊ शकत नाही. शक्यतेची तुलना करायची तर ५७ला १६ने भागायचे. उत्तर येते साधारण साडेतीन. माझे सात हे शक्यतेचे गुणोत्तर नव्हतेच, ते ऑड्सचे गुणोत्तर होते. शिवाय ते साडेतीनही कशाचे, तर लागण होऊन गेल्याचे. प्रतिपिंडे असलेला माणूस आज दुसऱ्याला आजार देतो आहे, असे ती पाहणी कुठेच म्हणत नव्हती. नोटिशीला त्या आकड्यांत आधार नव्हता, तो मी माझ्या वाक्यातून पुरवला.

पुढच्या सभेत मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. नोटीस केबिनवरून उतरायला तरी दीड महिना गेला.

'पट' हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. दुप्पट, तिप्पट, चौपट म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, कळले. पण पट कशाची, हे तो शब्द सांगत नाही. शक्यतेची पट वेगळी आणि ऑड्सची पट वेगळी, आणि मराठीत आपण दोहोंना एकाच सुरात 'इतके पट' म्हणून मोकळे होतो. प्रबंधांत, आरोग्य खात्याच्या सादरीकरणांत, बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर हा गोंधळ रोज होतो. हे पुस्तक त्या एका शब्दामागे काय दडलेले असते ते उलगडून दाखवण्यासाठी आहे. वैद्यकाचे, समाजकार्याचे, शुश्रूषेचे पदव्युत्तर विद्यार्थी ते वापरतील अशी आशा आहे. पण गणिताशी फारकत घेतलेल्या पत्रकारालाही ते वाचता यावे, अशी काळजी मी घेतली आहे.

आता ऑड्स म्हणजे काय. या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, वर्गात सगळे 'ऑड्स'च म्हणतात आणि या पुस्तकातही तोच ठेवला आहे. मुंबईला मात्र त्याच्यासाठी एक जुना शब्द माहीत आहे, 'भाव'. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्याचा भाव पाचास एक आहे असे म्हणतात, तेव्हा घोडा हरण्याच्या पाच वाट्यांसमोर जिंकण्याचा एक वाटा मांडलेला असतो. एकूण वाटे सहा. म्हणून त्या भावात जिंकण्याची शक्यता सहात एक होते, पाचात एक नव्हे. हा एकाचा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मे पुस्तक समजले.

ज्यांना रेसकोर्सशी देणेघेणे नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आहे. माझी आई इडलीचे प्रमाण सांगायची, तांदूळ-डाळ तीनास एक. तीन वाट्या तांदूळ भिजवले की एक वाटी उडीद डाळ. कुणी विचारले, भिजवणात तांदूळ किती, तर उत्तर 'चारात तीन', म्हणजे पाऊण हिस्सा. डाळीशी त्याचे प्रमाण किती, तर 'तीनास एक'. पातेले तेच, तांदूळ तेवढेच, पण पहिल्या उत्तरात भागाची तुलना सगळ्याशी आहे नि दुसऱ्यात भागाची तुलना उरलेल्या भागाशी. शक्यता पहिल्या जातीची, ऑड्स दुसऱ्या जातीचे. आपल्या बोलीत 'आत' आणि 'आस' या दोन प्रत्ययांनी हा फरक आधीच करून ठेवला आहे, चारात तीन आणि तीनास एक. विद्यार्थी अडखळला की मी त्याला आधी हे दोन प्रत्यय मोठ्याने म्हणायला लावते.

दोन गटांचे ऑड्स काढून एकाला दुसऱ्याने भागले की झाला ऑड्स रेशो. ५७स ४३ म्हणजे १.३३, १६स ८४ म्हणजे ०.१९, आणि भागाकार ६.९६. उत्तर १ आले तर दोन्ही गट सारखे, १ पेक्षा जास्त आले तर पहिल्या गटात ती गोष्ट अधिक, कमी आले तर उणी. व्याख्या एवढीच. साधा प्रश्न लगेच येतो, आणि वर्गात तो दर वर्षी येतो: शक्यतेची तुलना इतकी सरळ असताना हा आडवळणाचा आकडा घ्यायचाच कशाला?

त्याचे उत्तर आपल्या पावसाळ्यातच मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. अंधेरीपासून कुर्ल्यापर्यंत माणसे छातीभर पाण्यातून घरी गेली, काही गेलीच नाहीत. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या आजाराचा जिवाणू उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून पाण्यात उतरतो आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतो. आता समजा, अशाच एखाद्या पावसाळ्यानंतर उपनगरातल्या एका रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला तपासायचे आहे की साचलेल्या पाण्यातून चालण्याचा आणि लेप्टोचा संबंध किती घट्ट आहे. (पुढचे आकडे शिकवण्यासाठी मी रचलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.)

सरळ मार्ग असा की पाण्यातून चाललेली काही हजार माणसे आणि न चाललेली काही हजार माणसे निवडायची, महिनाभर त्यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि कुणाला लेप्टो होतो ते मोजायचे. आजार दर हजारी एखाद-दोघांना होणार असेल तर हातात येतील चार-पाच रुग्ण. एवढ्यात काही सिद्ध होत नाही आणि प्रबंधाची मुदत संपते. म्हणून डॉक्टर उलटीकडून सुरुवात करते. वॉर्डात आलेले लेप्टोचे १०० रुग्ण घेते. त्याच भागातले, लेप्टो नसलेले २०० जण तुलनेला घेते. सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, गेल्या महिन्यात साचलेल्या पाण्यातून चालला होतात का? रुग्णांपैकी ६० 'हो' म्हणतात आणि तुलनागटातलेही ६०. याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. चार चौकटी भरल्या: ६० आणि ४०, ६० आणि १४०.

आता इथे शक्यता काढून पाहा. पाण्यातून चाललेले एकूण १२०, त्यांत रुग्ण ६०, म्हणजे निम्मे. न चाललेले १८०, त्यांत रुग्ण ४०, म्हणजे शंभरात बावीस. गुणोत्तर सव्वादोन. पण थांबा. पाण्यातून चाललेल्या निम्म्या अंधेरीला लेप्टो झाला, असे हे म्हणते! असे कधी झाले आहे का? हा निम्मा हिस्सा आजाराने ठरवलेला नाही, डॉक्टरने १०० रुग्णांना २०० जणांची जोड दिली त्याने तो ठरला. तिने तुलनेला ४०० जण घेतले असते आणि त्यांच्यातही चालण्याचे प्रमाण तेच, १२० आणि २८०, राहिले असते, तर शक्यतांचे गुणोत्तर सव्वादोनवरून २.६७ वर गेले असते. आजार तोच, पाणी तेच, माणसांच्या सवयी त्याच. बदलली ती फक्त डॉक्टरची निवड. जे उत्तर संशोधकाच्या सोयीने हलते त्यावर विसंबता येत नाही.

ऑड्स रेशो काढा. ६०स ४० म्हणजे दीड. ६०स १४० म्हणजे ०.४३. भागाकार साडेतीन. आता तुलनागट ४०० चा करा, १२०स २८०. पुन्हा साडेतीन. हजाराचा करा, तरी साडेतीन. संशोधकाने किती जण निवडले याने ऑड्स रेशो हलत नाही. सांख्यिकीत मला अनेक सूत्रे आवडतात, पण हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून पाहिले तो दिवस अजून आठवतो. फळ्यासमोर उभी राहून मी तिसऱ्यांदा भागाकार केला, कारण पटत नव्हते.

या गुणाचा उपयोग किती मोठा झाला ते तंबाखूच्या इतिहासात दिसते. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या रुग्णालयांतला अभ्यास छापला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण आणि इतर आजारांचे ६४९ पुरुष. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे फक्त २, दुसऱ्या गटात २७. ऑड्स रेशो चौदा येतो. पण चौदा कशाचे? धूम्रपान करणाऱ्याचा कर्करोगाचा धोका चौदापट आहे, असे म्हणता येईल का? त्याचे उत्तर जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञाने १९५१ मध्ये दिले. आजार विरळा असेल तर ऑड्स रेशो आणि शक्यतांचे गुणोत्तर जवळजवळ एकच येते. कारण साधे आहे. हजारात दोघांना आजार होत असेल तर शक्यता हजारात दोन आणि ऑड्स दोनास ९९८. हजार आणि ९९८ यांत फरक तो कितीसा? दुसऱ्या गटात हजारात एक असेल, तर शक्यतांचे गुणोत्तर २ आणि ऑड्स रेशो २.००२.

लंडनच्या त्या निबंधानंतर पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच नियतकालिकात मुंबईचा निबंध आला. लेखक एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि व्ही. आर. खानोलकर. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. लंडनचा प्रश्न सिगारेटचा आणि फुप्फुसाचा होता, आपला प्रश्न तंबाखू चघळण्याचा, विडीचा, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा. १९७१ मध्ये डी. जे. जस्सावाला आणि व्ही. ए. देशपांडे यांनी मुंबईतूनच तो प्रश्न आणखी पुढे नेला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तिच्यामागे अशा कितीतरी चार चौकटींचे काम आहे. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, तंबाखू खाता का, किती वर्षे, चुना लावून की नुसती, असे विचारत त्या चौकटी भरल्या गेल्या.

या परंपरेतून शिकण्याची पहिली गोष्ट सूत्राच्या बाहेरची आहे, तुलनेला कोण घेतले? टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. गोरखपूरहून आलेल्या रुग्णाच्या तुलनेला घाटकोपरचा निरोगी माणूस घेतला, तर फरक कर्करोगाचा दिसेल की दोन मुलखांतल्या खाण्याच्या सवयींचा? तुलनागटातला माणूस असा हवा की तो आजारी पडला असता तर याच वॉर्डात आला असता. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना लिहून घ्यायला लावते, आणि तरी दर वर्षी कुणीतरी तुलनेसाठी स्वतःच्या वर्गमित्रांचे फॉर्म भरून आणतोच. आठवणीचाही प्रश्न असतो. तापाने फणफणलेला रुग्ण कुठल्या दिवशी कुठल्या पाण्यात पाय पडला ते खोदून खोदून आठवतो, धडधाकट माणूस 'नसेल बहुतेक' म्हणून पुढे जातो. त्या फरकानेही ऑड्स रेशो फुगतो, आणि कुठलेही सॉफ्टवेअर तो फुगवटा दाखवत नाही.

आतापर्यंतचे सगळे विरळ आजारांचे. खरी गल्लत होते ती जिथे गोष्ट विरळ नसते तिथे, आणि आपल्या संशोधनातल्या बहुतेक गोष्टी विरळ नसतात. लसीकरण, शिक्षण, रक्तक्षय, बाळंतपण. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हाताळते, आणि त्या सर्वेक्षणाच्या आकड्यांवर देशभर हजारो प्रबंध लिहिले जातात. त्यातला महाराष्ट्राचा एकच आकडा घेऊ. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, राज्यातली ९०.३ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ९४.७ टक्के. साध्या नजरेला कळते की नव्वदवरून पंचाण्णवच्या घरात गेलो, शंभरामागे चार-पाचांची वाढ. ऑड्स काढा. पहिले ९.३, दुसरे १७.९. ऑड्स रेशो १.९२. विद्यार्थी प्रबंधात लिहितो, दवाखान्यात बाळंतपण होण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. नव्वदची दुप्पट एकशे ऐंशी! शक्यतांचे गुणोत्तर आहे १.०५.

मग ते १.९२ खोटे का? मुळीच नाही. ऑड्स रेशोचा एक पैलू मला पुस्तकांत क्वचित नीट मांडलेला दिसला, म्हणून इथे थोडी रेंगाळते. दहिसर-चेंबूर-माटुंग्याच्या आकड्यांकडे पुन्हा या. लागण झालेल्यांची तुलना केली तर ५७ भागिले १६, म्हणजे ३.५६. लागण न झालेल्यांची केली तर इमारतींत ८४ आणि वस्तीत ४३, म्हणजे १.९५. आता या दोहोंचा गुणाकार करा. ६.९४, दशांशाची कसर सोडली तर आपला तो सातच. ऑड्स रेशो म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजूंच्या तुलनांचा गुणाकार असतो. वस्तीत लागण झालेले जास्त आणि वाचलेले कमी, ही दोन्ही वर्णने त्यात एकदम बसलेली असतात. आजार विरळा असतो तेव्हा वाचलेले दोन्हीकडे जवळजवळ सगळेच असतात, दुसरे गुणोत्तर १च्या आसपास राहते आणि गुणाकारात काही बदलत नाही. कॉर्नफील्डची अट यातूनच येते. उलट बाळंतपणाच्या उदाहरणात पहिले गुणोत्तर जेमतेम १.०५ आहे आणि दुसरे, घरी होणाऱ्या बाळंतपणांचे, ९.७ भागिले ५.३, म्हणजे १.८३. खरी बातमी या दुसऱ्या आकड्यात आहे. घरी होणारी बाळंतपणे पाच वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. 'दुप्पट' लिहिण्याऐवजी हे लिहिले असते तर ते खरेही ठरले असते आणि सुइणीच्या भरवशावर राहणाऱ्या त्या शेवटच्या पाच टक्के बायकांकडे लक्षही गेले असते.

जगातले नामांकित लोकही इथे घसरले आहेत. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला. छातीत दुखणाऱ्या रुग्णांची भूमिका करणाऱ्या नटांच्या चित्रफिती डॉक्टरांना दाखवल्या आणि हृदयाच्या पुढच्या तपासणीला पाठवाल का, असे विचारले. गोऱ्या रुग्णांना ९०.६ टक्के वेळा पाठवले गेले, काळ्या रुग्णांना ८४.७ टक्के वेळा. ऑड्स रेशो ०.६. अमेरिकेतल्या बातम्यांत आले की काळ्या रुग्णांना तपासणीला पाठवले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी आहे. शक्यतांचे गुणोत्तर होते ०.९३, म्हणजे कमी होती ती सात टक्क्यांनी. भेदभाव होता आणि तो लहान मानायचे कारण नाही. पण आकडा फुगवून सांगितला की तो उघडा पडल्यावर लोक मूळ अन्यायावरही विश्वास ठेवेनासे होतात. मला त्याची जास्त भीती वाटते.

एवढे असूनही प्रबंधांत सगळीकडे ऑड्स रेशोच का दिसतो? कारण लॉजिस्टिक रिग्रेशन. एका आजाराशी दहा गोष्टींचा संबंध एकाच वेळी तपासण्याची ही रीत आपल्या संगणकांत सर्वांत सुलभ आहे आणि ती उत्तर देते ते ऑड्स रेशोतच. तिची गरज खरी आहे. तंबाखू चघळणारा पुष्कळदा विडीही ओढतो, काही वेळा दारूही पितो. मग तोंडाच्या कर्करोगाचा दोष चघळण्याचा किती, विडीचा किती, दारूचा किती? मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये एक हाताने करता येण्याजोगा उपाय दिला. लोकांचे सारख्या सवयींचे छोटे गट पाडायचे, प्रत्येकात ऑड्स रेशो काढायचा आणि मग त्यांची तोलून सरासरी घ्यायची. लॉजिस्टिक रिग्रेशन तेच काम मोठ्या पटावर करते. त्याला 'ॲडजस्टेड' ऑड्स रेशो म्हणतात. एक गोष्ट मात्र मनात राहू द्या. जे विचारलेच नाही त्यासाठी ॲडजस्ट करता येत नाही. जुलै २०२०च्या पाहणीचे आकडे जाहीर करताना वस्त्यांतल्या दाटीकडे आणि सामायिक शौचालयांकडे, नळांकडे बोट दाखवले होते. 'वस्तीत राहतो' हे लेबल म्हणजे कारण नव्हे. एका शौचालयावर किती माणसे, हे कारणाच्या जवळ जाते. आमच्या सोसायटीच्या नोटिशीने लेबलालाच कारण मानले आणि मावशींना माणूस म्हणून धोकादायक ठरवले.

कॉन्फिडन्स इंटरव्हलला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे फक्त तोंडओळख. लेप्टोच्या रचलेल्या आकड्यांत ऑड्स रेशो ३.५ आला. चार चौकटींतल्या संख्यांचे व्यस्त घेऊन, बेरीज करून, वर्गमूळ काढून थोडे गणित केले की ९५ टक्क्यांची मर्यादा मिळते, २.१ ते ५.८. म्हणजे आकडा पक्का साडेतीन नाही, पण १च्या पुष्कळ वर आहे. आता सगळे आकडे एक दशांश करा, ६ आणि ४, ६ आणि १४. ऑड्स रेशो पुन्हा ३.५च. मर्यादा मात्र ०.७ ते १७. पाण्यातून चालल्याने धोका कमी होतो इथपासून सतरापटीपर्यंत काहीही असू शकते, असे तो कागद म्हणतो. दहा रुग्णांवरचा साडेतीन आणि शंभर रुग्णांवरचा साडेतीन दिसायला जुळे भाऊ, पण वजन सारखे नाही. मर्यादेशिवाय छापलेला ऑड्स रेशो मी वाचतच नाही, तुम्हीही वाचू नका.

विद्यार्थ्यांकडून मी आता तीन ओळी लिहून घेते. पहिल्या ओळीत दोन्ही गटांतले खरे हिस्से, शंभरात इतके आणि शंभरात इतके. दुसरीत ऑड्स रेशो आणि त्याची मर्यादा. तिसरीत, गोष्ट विरळ नसेल तर, शक्यतांचे गुणोत्तर किंवा नुसती वजाबाकी. ५७ वजा १६, शंभरामागे ४१ जणांचा फरक. आणि वाक्यात 'शक्यता' हा शब्द आला की त्याखाली पेन्सिलने रेघ मारून स्वतःला विचारायचे, इथे 'आत' आहे की 'आस'? काही मार्गदर्शकांना हे पोरकट वाटते. मला वाटत नाही, कारण ती रेघ मी त्या सभेआधी माझ्या वहीत मारली असती तर शब्द बदलला असता.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडके. पहिली चार प्रकरणे कागद-पेन्सिलीची आहेत, संगणक पाचव्या प्रकरणात येतो. घाईत असलेल्यांना ते उलटे करावेसे वाटेल. करू नका. सॉफ्टवेअरमध्ये 'हो'ला ० आणि 'नाही'ला १ दिले गेले की ३.५चे ०.२९ होते, आणि ज्याने चौकटी हाताने भरलेल्या नाहीत त्याला ते कळतही नाही. लॉगरिदम जिथे टाळता आले तिथे टाळले आहेत, जिथे आले आहेत तिथे का आले ते आधी सांगितले आहे. शिकवण्यासाठी रचलेल्या प्रत्येक उदाहरणावर तसे नोंदवले आहे, म्हणजे ते आकडे कुणी खरे म्हणून उचलू नयेत.

हस्तलिखित वाचून माझ्याशी भांडलेल्या निवासी डॉक्टरांची मी ऋणी आहे. रात्रपाळी करून सकाळी सातच्या बोरिवली लोकलने येऊन त्यांनी गणिते तपासली. शेजारच्या काकूंनी बंदीच्या काळात बुडालेला मावशींचा अर्धा पगार नंतर स्वतःहून दिला, उरलेला मी दिला. मावशी आज आमच्या दोन्ही घरी येतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा टेबलावरच्या त्या नमुन्यावरचे चार चौकटींचे चित्र पाहून त्यांनी विचारले, "हा काय खेळ आहे ताई?" मी कागद घेतला. त्यांच्या गल्लीतली घरे मोजली, शौचालये मोजली, त्या वर्षी आजारी पडलेली माणसे त्यांनी नावानिशी आठवून सांगितली आणि आम्ही दोघींनी मिळून चौकटी भरायला घेतल्या. चौथी चौकट, म्हणजे आजारी न पडलेली माणसे, भरायला सर्वांत जास्त वेळ लागला.

बोरिवली (पश्चिम), मुंबई